कित्ता गिरवावा, पण किती?

सत्कार असो, पुण्यतिथी असो, नाहीतर शाळेचा बक्षीस-समारंभ असो. शेवटच्या वक्त्याचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते. ‘तरुण पिढीने यांचा कित्ता गिरवावा!’ टाळ्या पडतात आणि मंडळी चहाकडे वळतात.

मी कॉलेजात मराठी शिकवते. या वाक्यातला ‘कित्ता’ म्हणजे नेमके काय, असे वर्गात विचारले की प्रथम शांतता पसरते. मग एखादा धीट विद्यार्थी त्याचे नाते ‘किती’शी जुळवून मोकळा होतो. त्याचा तरी काय दोष? ठिपक्यांची अक्षरे त्यानेही बालवाडीत गिरवलेली असतात. पण अशा नमुन्याला कित्ता म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कित्ता म्हणजे वळणदार अक्षराचा नमुना. पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर अक्षर काढी. ते जमू लागले की हाती बोरू येई. पंतोजींनी घालून दिलेल्या अक्षरांवरून कोरडा बोरू फिरवायचा, पुन्हा फिरवायचा, हाताला ते वळण सरावेपर्यंत फिरवायचा. हेच गिरवणे.

शब्द मात्र पंतोजींहून दूरचा प्रवासी. तो फारशीच्या वाटेने आला, पण मूळचा अरबी. ‘कित्आ’ म्हणजे तुकडा. त्याचा धातू ‘कापणे’ या अर्थाचा. फारशी सुलेखनकार आपल्या अक्षराचा नमुना एका सुट्या पानावर काढीत, त्यालाही कित्आच म्हणत. उर्दू कवितेतला कित्आ याच घराण्यातला, आणि आपल्या ‘मक्ता’ व ‘मक्तेदार’ यांची मुळेही त्याच धातूत आहेत.

परका शब्द आपल्या मातीत रुजला, कारण जमीन तयार होती. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या १९ व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे घोटावे, ओळी कशा सरळ राखाव्यात, आरंभापासून शेवटपर्यंत अक्षराचा एकसारखेपणा कसा सांभाळावा, हे सारे त्यात आहे. मराठीने तर अक्षराचा शब्द माणसालाही लावला. अक्षराला वळण असते, तसे मुलालाही आपण वळण लावतो.

या मुळांकडे पाहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, कित्ता हा तुकडा आहे. अख्खा माणूस कोणालाच गिरवता येत नाही. दुसरी, कित्ता हात बसेपर्यंतच असतो. जन्मभर पंतोजींच्याच अक्षरांवरून बोरू फिरवणाऱ्याला लिहिता येते, असे कोण म्हणेल?

कुमार गंधर्वांचेच (१९२४–१९९२) पाहा. लहानपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते त्या हुबेहूब गात आणि सभा थक्क होई. हा झाला कित्ता. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. मग क्षयाने गाठले आणि देवासला कित्येक वर्षे गाणे बंद राहिले. त्यानंतर जे गाणे आले, त्यात कोणाची नक्कल उरली नव्हती. बालगंधर्वांवर त्यांची अपार भक्ती. तरी त्यांच्या पदांचा कार्यक्रम केला तेव्हा नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘उमजलेले’ या शब्दापाशी गिरवणे संपते.

हे सारे आठवण्याचे कारण घरगुती आहे. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादी मुलगी माझ्यासमोर मान खाली घालून बसते आणि तिचे वडील म्हणतात, ‘बाई, थोरल्या भावाचा कित्ता गिरवला असता तर हीही इंजिनिअर झाली असती. मराठी कशाला घ्यावी लागली असती!’

माझ्या विषयाचा हा मान मी मुकाट्याने स्वीकारते आणि विचारते, ‘भावाचा कोणता गुण हिने घ्यावासा वाटतो?’

वडील जरा थांबतात. ‘तो पहाटे उठून नेमाने अभ्यासाला बसतो.’

तेवढा तुकडा पोरीने जरूर गिरवावा. पुढची अक्षरे तिची तिला काढू द्यावीत.