वाचनालय बांधायचं, पण कुठं आणि कसं?



गावात वाचनालय काढायचे ठरले की पहिली बैठक होते ती पुस्तकांवर. कुणी म्हणतो शंभर पुस्तके मी देतो, कुणी वडिलांच्या नावे कपाट देतो. जागेचा विषय शेवटी निघतो आणि पाच मिनिटांत मिटतो. ग्रामपंचायतीच्या मागची खोली रिकामीच आहे की! वर पत्रे, एकच खिडकी, तिला बाहेरून जाळी आणि आतून कपाट टेकवलेले. दोन वर्षांनी त्याच गावात चौकशी करावी, तर उत्तर ठरलेले असते : "पुस्तकं हायत हो, पण वाचायला कुणी येतच नाही."

या उत्तरात सगळा दोष वाचणाऱ्यावर टाकलेला असतो. तो बरोबर नाही असे माझे मत आहे. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली कोण बसेल? दाराशी पत्त्यांचा डाव पडलेला असेल तर आपल्या लेकी-सुना तिथून आत कशा जातील? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपलीच पोरे नांदेड-लातूरला महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. पुस्तके तर त्यांची स्वतःचीच असतात. मग ते पैसे कशाचे भरतात? बसायच्या जागेचे, उजेडाचे, पंख्याचे आणि शांततेचे. म्हणजे गरज आहे, आणि तिच्यासाठी घरचे पैसेही जात आहेत; फक्त ते तालुक्याबाहेर जात आहेत.

इमारतीचा विचार आधी केला तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण साखरेच्याच मुलखात आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव आपल्याला ऊस-साखरेमुळे ठाऊक आहे. करमशीभाई सोमय्या यांनी १९३९ साली गोदावरी शुगर मिल्स सुरू केली, तिचा साकरवाडीचा कारखाना याच तालुक्यातला. तो सहकारी नव्हे, खाजगी. पण ऊस तिकडे आणि इकडे सारखाच गोड. त्याच कोपरगावात शारदा शाळेच्या आवारात २०१८ साली 'माया सोमय्या ग्रंथालय' उभे राहिले. मुंबईचे वास्तुशिल्पी समीप पडोरा यांच्या कार्यालयाने त्याचा आराखडा केला. देश-परदेशातील वास्तुशास्त्राच्या नियतकालिकांत त्याची छायाचित्रे छापून आली.

छायाचित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती इमारत वाटलीच नाही. जमिनीतूनच विटांची एक लाट उठते, कमानीसारखी वर जाते आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकते. आत मधे खांब नाहीत, वर तुळया नाहीत. काठाशी छत इतके खाली येते की लेकरे चालत-चालत सरळ त्याच्यावर चढून जातात. खाली पुस्तके, वर टेकडी. काचेतून आत उजेड येतो आणि कडेला लेकरांच्या उंचीची बसायची जागा आहे. शाळेची जुनी इमारत आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत हे बसवले आहे, म्हणजे मुलांच्या रोजच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरच. आत यावे म्हणून लेकराला सांगावे लागत नाही. खेळता-खेळता पाय तिकडे वळतात. मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

आता छत टिकते कसे, ते पाहू. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. बैलाचा कासरा घ्या, दोन टोके दोन खुंट्यांना बांधा आणि मधे सैल सोडा. कासरा खाली झोळ घेतो. त्या झोळात कासऱ्यावर फक्त ताण असतो, दाब कुठेच नसतो. हाच आकार उलटा करून विटांत बांधला की त्यात फक्त दाब राहतो, ताण राहत नाही. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने हे १६७५ साली मांडून ठेवले आहे. वीट दाब सोसायला पक्की, ताण सोसायला कच्ची. म्हणून आकार अचूक असेल तर पातळ विटांचे तीन थर सुद्धा एवढे छत पेलतात. कोपरगावला हा आकार काढायला स्वित्झर्लंडच्या झुरिच येथील विद्यापीठात तयार झालेली संगणकाची आज्ञावली वापरली.

रीत मात्र जुनी आहे. स्पेनच्या कॅटलोनिया भागात गवंडी पातळ विटा आडव्या ठेवून असे घुमट घालीत. तिथला राफाएल ग्वास्ताव्हिनो हा बांधकाम करणारा १८८१ साली अमेरिकेला गेला, आणि त्याला तिथे मिळालेले पहिले मोठे सार्वजनिक काम म्हणजे बोस्टनचे ग्रंथालयच! ती इमारत १८९५ साली उघडली. दारावर 'सर्वांसाठी मोफत' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. पुढे दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशातील एलादिओ दिएस्ते या इंजिनिअरने विटेच्या मोठमोठ्या कमानी बांधल्या. तो देश काही श्रीमंत नव्हता. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या आणि बारवांच्या कमानी पाहा. त्यांच्या चुन्यात गूळ घालीत असत. आपल्या मालाचा असाही खप होता!

एवढे वाचून कुणी म्हणेल, चला तर, आपणही असेच बांधू. थोडे थांबावे लागेल. आपल्या भागात कुणाला सांगून पाहा की डोक्यावर विटांचे छत घालायचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, लोक गाढ झोपेत होते. किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीने लादलेली माळवदे माणसांच्या अंगावर आली. तोवर तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा गणला जात होता. माळवद मारते ते वजनाने, कारण भिंती त्याला बांधलेल्या नसतात. कोपरगावचे छत पातळ आणि त्यामानाने हलके आहे. तरीही भूकंपाचा हिशेब इंजिनिअरकडून करून घेतल्याशिवाय विटेची कमान घालू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

दुसरी अडचण आपल्या जमिनीची. कमान आपले पाय बाहेर ढकलते. पाया हलला की कमानीला चीर पडते. गोदावरी-मन्याडच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. ज्याने काळ्या रानात आखाडा बांधला आहे त्याला भिंतीच्या भेगा नव्याने दाखवायला नकोत. तेव्हा नायगावला कोपरगावची नक्कल करायला निघालो तर पैसा पायातच जिरेल. आणखी एक गोष्ट. ते शाळेचे ग्रंथालय आहे, गावचे नव्हे. तिथे म्हातारा माणूस वर्तमानपत्र वाचायला येईल, हा विचार त्या आराखड्याचा भाग नाही. आपल्याला तो करावा लागेल.

मग घ्यायचे काय? त्यांनी आधी प्रश्न विचारले, ते घ्यायचे. लेकरू कुठून जाते, ऊन कोणत्या बाजूने येते, बसायची उंची किती, कोणता माल जवळ मिळतो. आपल्याकडे वीटभट्ट्या गावोगाव आहेत. साधी चौकोनी खोली का असेना, पण छताखाली हवा खेळती हवी, पश्चिमेला रुंद ओसरी हवी, खिडक्या उत्तरेला मोठ्या हव्यात. बायकांसाठी वेगळे शौचालय हवे, पाणी हवे. रात्री दहापर्यंत दिवा हवा. भारनियमनाचा अनुभव आहेच, म्हणून सौर दिवा. कपाटांना काचा हव्यात, आणि कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात नको. हे सारे आराखड्यातच धरले तर खर्च फारसा वाढत नाही, मागाहून करायला गेले की होत नाही.

मराठवाड्याला वाचनालय नवे नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायला सरकारी परवानगी लागे, तेव्हा वाचनालय हीच चार माणसे एकत्र बसण्याची जागा होती. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणून गावोगाव ग्रंथालये काढली. त्यांची रीत आपल्याला पटण्यासारखी होती : गावाने आधी आपला वाटा जमवायचा, मग त्यात सरकारने भर घालायची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर गेलेला राजा, त्याला फुकटच्या वस्तूची किंमत माहीत असणार!

पैशाचे बोलायचे तर, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यात अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान आहे, पण कर्नाटक आणि तेलंगणात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात तसा कर आपल्याकडे नाही. सीमेपलीकडे आपले सोयरे आहेत, त्यांची घरपट्टीची पावती पाहावी. आपल्याकडे इमारतीसाठी गावालाच हात घालावा लागतो. टनामागे थोडी कपात करून शाळा-कॉलेजे उभी केल्याची उदाहरणे सहकारी साखरधंद्यात पुष्कळ आहेत. वाचनालयासाठी तशी कपात करावी का, यावर सभासदांत मतभेद होतील आणि ते व्हावेत. बिल वेळेवर मिळत नाही आणि यांना वाचनालय सुचतंय, असे कुणी म्हणाले तर त्यालाही मी चूक म्हणणार नाही. पण चर्चा सुरू झालीच तर किती पुस्तके याच्या आधी कोणती जागा, हे ठरवा.

जागेबद्दल माझे एक मत आहे. गावातल्या शाळेजवळ एक वाचनालय असावेच. पण कारखान्याच्या काट्याजवळही एक ओसरी असावी. हंगामात ट्रॅक्टर-बैलगाड्यांचे नंबर लागतात, ड्रायव्हर आणि गाडीवान तासन्‌तास बसून असतात. तोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली लेकरे दिवसभर खोप्याभोवती फिरत असतात. गेल्या हंगामात काट्यावर उसाच्या मोळीवर बसून एक आठ-नऊ वर्षांची पोरगी वडापावाला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा वाचत होती. मी विचारले, "काय वाचू लालीस गं?" तिने कागद पाठीमागे लपवला.