साल्बुटामॉलची कार्यपद्धती

साल्बुटामॉल हे दम्याच्या झटक्यात आकुंचन पावलेल्या श्वासनलिका शिथिल करणारे औषध आहे. ते श्वासनलिकेच्या स्नायुपेशींवरील बीटा-२ ॲड्रिनर्जिक ग्राहीशी जोडले जाऊन कार्य करते. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये डेव्हिड जॅक यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी ते विकसित केले. भारतात मुंबईस्थित सिप्ला कंपनीच्या ‘अस्थॅलिन’ या नावाने ते परिचित आहे.

ग्राहीची रचना

बीटा-२ ग्राही हे ४१३ ॲमिनो आम्लांचे प्रथिन असून त्याची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. शरीरात ॲड्रिनलिन हे संप्रेरक याच ग्राहीला जोडले जाते. हृदयात प्रामुख्याने बीटा-१ हा ग्राही असतो. साल्बुटामॉल बीटा-२ ग्राहीवर अधिक निवडकपणे कार्य करत असल्याने, आयसोप्रिनॅलिन या जुन्या औषधाच्या तुलनेत हृदयावर त्याचा परिणाम कमी होतो.

बंधन

औषधाचा रेणू ग्राहीच्या बाहेरील बाजूस उघडणाऱ्या खोबणीत बसतो. त्याच्यातील धनप्रभारित नायट्रोजन तिसऱ्या सर्पिलातील ११३ क्रमांकाच्या ॲस्पार्टिक आम्लाशी जोडला जातो, तर वलयावरील हायड्रॉक्सिल गटाचे पाचव्या सर्पिलातील सेरीनशी हायड्रोजन बंध तयार होतात. सॅल्मेटेरॉल या संबंधित औषधाच्या रेणूला लांब शेपटी असते. ती खोबणीच्या मुखाजवळ स्वतंत्रपणे जखडली जाते. साल्बुटामॉलचा परिणाम साधारण ४ ते ६ तास, तर सॅल्मेटेरॉलचा सुमारे १२ तास टिकतो.

सक्रियण

औषध पेशीच्या आत न शिरताही आपला संदेश आत पोहोचवते. बंधनामुळे ग्राहीचा आकार बदलतो आणि सहाव्या सर्पिलाचे पेशीतील टोक बाहेरच्या दिशेने सरकते. २०११ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने दुसरे सक्रियक जोडलेल्या ग्राहीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तिच्यात हे सरकणे सुमारे १४ अँगस्ट्रॉम आढळले. या मोकळ्या झालेल्या जागेत जी-प्रथिन बसते व जीडीपी सोडून जीटीपी स्वीकारते. त्यामुळे ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर एटीपीपासून चक्रीय एएमपी तयार करते. पुढे प्रथिन कायनेज-ए सक्रिय होऊन स्नायू शिथिल होतो. अशा ग्राहींवरील संशोधनासाठी कोबिल्का व रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा

ग्राही दीर्घकाळ उत्तेजित राहिल्यास त्याला फॉस्फेट गट जोडले जातात, अरेस्टिन हे प्रथिन त्याला जी-प्रथिनापासून वेगळे करते आणि काही ग्राही पेशीच्या आत ओढले जातात. त्यामुळे वारंवार वापराने औषधाचा प्रतिसाद घटू शकतो. शिवाय स्नायू शिथिल झाला तरी दम्याच्या मुळाशी असलेला श्वासनलिकेचा दाह कायम राहतो. म्हणूनच ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ अल्पकालीन श्वासनलिका-विस्फारकांवर विसंबून न ठेवता श्वसनमार्गे दाहशामक स्टेरॉइड देण्याची शिफारस केली आहे.