लबाड गाय आणि घाबरलेली गाय

गौरीनं अर्धी बादली दिली आणि धार बंद झाली, की मामाजींचं निदान ठरलेलं: "चढवलं तिनं दूध. लय लबाड हाये ते." मी रिद्धपूरला लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकते आहे. गाईची बाजू घ्यायला गोठ्यात दुसरं कोणी नसतं, म्हणून मी घेते.

धार काढायच्या आधी बहुतेक दूध सडापर्यंत उतरलेलंच नसतं. होल्स्टिन गाईच्या सडांवरच्या पोकळीत जेमतेम पाचवा हिस्सा साठलेला असतो, गावठी गाईत त्याहून कमी आणि म्हशीत फारच थोडा. बाकीचं दूध कासेतल्या बारीक पिशव्यांत अडकलेलं. वासराचं तोंड किंवा ओळखीचा हात सडाला लागला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि मिनिटभरात कासेत पोचतं. पिशव्या आवळल्या जातात, सड तटतटतात. हा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात गाय दचकली, तर अंगात ॲड्रेनॅलिन सुटतं, कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पान्हा अडतो. हे गाईच्या मर्जीवर नसतं.

एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी 1941 साली हे दाखवून दिलं. गाईला घाबरवायला त्यांनी तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फोडली. आमच्याकडे पिशव्या फोडाव्या लागत नाहीत. गोविंदप्रभूंच्या दर्शनाला गर्दी लोटते त्या दिवसांत हॉर्न आणि फटाके आयतेच असतात. त्या संध्याकाळी मी गडबड निवल्याशिवाय चरवीला हात लावत नाही.

एरवी वेळ आणि रीत ठरलेली. गाईला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. बाजूनं, बोलत जायचं. "हो वो माय, हो," एवढं पुरतं. आधी पुढ्यात सरकीची ढेप, मग पाठीवरून हात फिरवत कासेकडे. वासरू दोन घोट पाजून तिच्या तोंडापुढे बांधायचं, म्हणजे ती त्याला चाटत राहते. कास कोमट पाण्यानं धुऊन लगेच कोरडी पुसायची आणि बसायचं. इथं माणसं हमखास चुकतात: कास धुतात आणि चरवी शोधायला घरात जातात. पान्हा तुमच्यासाठी थांबत नसतो. धार मुठीनं काढायची. अंगठा दुमडून काढली की सड दुखतो, आणि दुखलं की ती लाथ मारणारच. त्यावर काठी उगारणं म्हणजे उद्याचंही दूध घालवणं. ज्या माणसाला गाय भिते तो नुसता जवळ उभा असला, तरी धार काढून झाल्यावर कासेत राहिलेलं दूध 70 टक्क्यांनी वाढलं, असं 1999 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. अडकलेलं दूध रोज राहिलं तर गाय लवकर आटते.

काही जण यावर सुई शोधतात. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचण्याचा धंदा गावोगाव चालत आला आहे. जनावराला अपाय करून दूध वाढवायला काहीही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कायदा सोडा, ज्या गाईला रोज धारेआधी सुई टोचली जाते ती माणूस दिसला की अंग चोरते.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी 2009 साली 516 दूध उत्पादकांची माहिती छापली. गाईंना नावानं हाक मारणाऱ्यांकडे एका वेतात सरासरी 258 लिटर दूध जास्त होतं. या कामाला इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. नावानं दूध वाढत असेल असं मला वाटत नाही. नाव ठेवणारा माणूस गाईशी बोलतो आणि तिच्याजवळ थांबतो, एवढंच. मामाजींनी तर प्रत्येकीला नाव दिलंय, शिव्या देतात त्याही नाव घेऊनच.

खरी कसोटी पहिलारू गाईची. व्याल्यावर एकदम सडाला हात घातला तर ती उडणारच. म्हणून दोन महिने आधीपासून तिला धारेच्या जागी आणून ढेप खाऊ घालायची, पाठ खाजवायची, पोटाखालून हात न्यायचा. यंदा आमची एक कालवड गाभण आहे. माझा हात ती झटकून टाकते. मामाजींच्या अंगाचा विडीचा वास मात्र तिच्या ओळखीचा, त्यामुळे सकाळचं हे काम त्यांच्याकडे आलं आहे, आणि ते "लबाड, लबाड" म्हणत तिची मान खाजवत बसतात.