४७ एफ आणि ४७ जे

"पुणे म्हणून काही मिळायचं नाही, ताई. नंबर सांगा."

विद्यापीठाच्या ग्रंथालयातला नकाशा विभाग. काउंटरपलीकडे मामा, अलीकडे एमएस्सीची एक विद्यार्थिनी. कॅटलॉगमधून उतरवलेला ५५५.४ हा आकडा तिच्या चिठ्ठीवर आहे. तो भारताच्या भूविज्ञानावरच्या पुस्तकांचा. त्यावरून वरच्या मजल्यावरचं कपाट सापडेल, नकाशा नाही. नकाशे इथे रुंद, उथळ लोखंडी खणांत आडवे ठेवलेत आणि खणांवर गावांची नावं नाहीत, नुसते क्रमांक.

मामा तिला भिंतीवरच्या सूचक नकाशापाशी नेतात. ४७ म्हणजे चार अंश लांब, चार अंश रुंद असा चौकोन. महाराष्ट्राचा बराचसा पश्चिम भाग त्यात येतो. त्याचे ए ते पी असे सोळा भाग, वरून खाली मोजायचे, मग शेजारची रांग. प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा. विहिरींच्या अभ्यासासाठी तिला कऱ्हेचं खोरं हवंय. पुरंदरकडचा डोंगराळ भाग ४७ एफ/१५ मध्ये, सासवड आणि जेजुरी ४७ जे/३ मध्ये, मोरगाव थेट जे/७ मध्ये. ७४ अंशांचं रेखावृत्त नेमकं पुरंदर किल्ला आणि सासवड यांच्यामधून जातं. हे नेहमीचंच. आपलं काम कधी शीटच्या मधोमध येत नाही, कडेवरच येतं.

"तीन शीट झाल्या," मामा खण ओढत म्हणतात. "आणि ह्या टोपोशीट आहेत हां, सर्व्हे ऑफ इंडियाच्या. दगडाचा नकाशा वेगळा."

दगडाचा नकाशा म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा. १८५१ साली सुरू झालेल्या या खात्याचा पुणे जिल्ह्याचा संसाधन नकाशा मामा दोन्ही हातांवर पेलून आणतात. कागद कोपऱ्यांत मुडपलाय. कोपरे दाबायला टेबलावर बोअरमधून निघालेले बेसाल्टचे गोल तुकडे ठेवलेत. एका तुकड्यात बोटाच्या पेराएवढे पांढुरके स्फटिक दिसतात. ती तो उचलते, उन्हाकडे धरते आणि पुन्हा सासवडच्या डोक्यावर ठेवते.

सूचीवरून तिचं बोट खाली सरकतं. महाबळेश्वर, पुरंदरगड, दिवेघाट, कार्ला, इंद्रायणी. लाव्ह्याच्या थरांचे हे गट, वरून खाली. ती ज्या घाटातून गाडीवर सासवडला जाते, तोच घाट इथे खडकांच्या गटाचं नाव होऊन बसलाय. पण मोजमाप १:२,५०,०००. सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. तिच्या यादीतल्या विहिरी पेन्सिलीच्या टोकाखाली तीन-तीन येतात.

मग १:५०,०००ची टोपोशीट खाली, त्यावर ट्रेसिंग पेपर. इथे गंमत सुरू होते. दख्खनचे थर जवळपास आडवे, त्यामुळे दोन थरांमधली सीमा डोंगराभोवती समोच्च रेषेच्या सोबतीनं फिरते. हिमालयाचा भूवैज्ञानिक नकाशा बघावा तर घड्यांनी, भ्रंशांनी गजबजलेला. आपला दिसायला कंटाळवाणा. पण ज्याला पाणी शोधायचंय त्याला हा कंटाळवाणेपणा फार उपयोगी. एखाद्या विहिरीत मऊसर मांजऱ्या खडक कुठल्या उंचीवर लागला, कठीण काळा पाषाण कुठे सुरू झाला, हे कळलं की त्याच उंचीची रेषा धरून पलीकडच्या वाडीचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, थर मध्येच संपतातही.

"मोठ्या स्केलचं काही?" ती विचारते.

"ते खणात नसतं. खिशात असतं."

मामांचं खरं आहे. ग्रंथालयातले चांगले नकाशे बहुधा नकाशा विभागात नसतातच. ते प्रबंधांच्या आणि मेमॉयरांच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या खिशात, घडी घालून झोपलेले असतात आणि कॅटलॉगमध्ये त्यांची नोंद नसते. थोड्या वेळानं टेबलावर दोन बाडं येतात. एक जुना पीएचडी प्रबंध. दुसरा जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचा दहावा मेमॉयर, १९८८चा, सुब्बाराव यांनी संपादित केलेला. त्यातला सुब्बाराव आणि हूपर यांचा पश्चिम घाटाचा नकाशा ती उलगडते आणि भुवया उंचावते. इथे दिवेघाट नाही, पुरंदरगड नाही. पोलादपूर, आंबेनळी अशी नावं आहेत.

चूक कोणाचीच नाही. सर्वेक्षणानं थर डोळ्यांनी दिसणाऱ्या लक्षणांवरून गटांत लावले. या मंडळींनी मुख्यतः दगडाच्या रसायनावरून. डोंगर तोच, विभागणी निराळी. दोन्ही कागद एकमेकांशेजारी पसरून मान इकडून तिकडे फिरवल्याशिवाय हे अंगात मुरत नाही, असं माझं मत. तिच्या लॅपटॉपवर सर्वेक्षणाचं 'भूकोश' पोर्टल उघडं आहे, फुकट आहे, झकास आहे. पण तिथे चित्र मोठं केलं तरी माहिती तेवढीच राहते.

प्रबंधातला नकाशा हातानं काढलेला आहे. गडाच्या उताराला सीमारेषा सलग जाते. खाली नदीकाठी, शेतं सुरू होतात तिथे, ती तुटक होते. विद्यार्थिनी वाकून बघते.

"ही अशी का?"

"वर खडक उघडा आहे, खाली माती," मी शेजारच्या टेबलावरून सांगतो. "सलग रेघ म्हणजे माणूस तिथे उभा राहिलाय. तुटक म्हणजे तर्क."

कितीतरी छापील नकाशे ही रेघ पुढे बेमालूम सलग करून टाकतात. या प्रबंधकारानं केलेली नाही, म्हणून मला हा कागद बाकीच्या दोहोंपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

ती ट्रेसिंगवर तुटक रेघ उतरवते. रेघ जिथे रस्ता ओलांडते तिथे फुली, जिथे ओढा तिथे दुसरी. ओढ्याच्या काठात माती खरवडली गेलेली असते. खडक दिसण्याची शक्यता तिथेच जास्त. प्रबंध लिहिला गेला त्यानंतर तिथे नव्या विहिरीही पडल्या असतील.

"फोटो काढू का, मामा?"

"काढा. पण घडी उलटी घालू नका, घडीवरच फाटतं."

ती फोटो काढते, मग व्हरांड्यात जाऊन फोन लावते. काचेतून आवाज येतो. "अगं, रविवारी गाडी मोकळी आहे का? आणि तुझ्या मामांची नवी विहीर जेजुरीच्या अलीकडे आहे की पलीकडे?"