पाणी जाते कुठे?

उन्हाळा आला की आपल्या खान्देशात गाडीवाल्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'गाडी झकास आहे, फक्त पाणी थोडं खाते.' ऐकणाराही मान डोलावतो, जणू काही बैलाच्या खुराकाची चौकशी चालली आहे. पण गाडी पाणी खात नसते. इंजिनात एकदा भरलेले पाणी आतल्या आत फिरत राहावे, अशीच त्याची रचना असते. ते आठवड्याला पावशेर का होईना कमी होत असेल, तर कुठून तरी बाहेर पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मी पडलो कवी. एका मात्रेची गळती शोधण्यात माझ्या रात्री गेल्या आहेत, तेव्हा या विषयाचा मला अगदीच गंध नाही असे समजू नका. शिवाय जळगाव-धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, पूर्वीचा सहा नंबरचा आणि आता त्रेपन्न नंबरचा हायवे, मी इतक्या वेळा केला आहे की एरंडोल-पारोळ्याच्या गॅरेजवाल्यांच्या गप्पा ऐकून बरेच शिकायला मिळाले.

आधी पाणी काय करते ते पाहू. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर जाते किंवा इंजिनाच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणे आणि तिथे वाऱ्याच्या हवाली करणे, हे पाण्याचे काम. त्यात जे रंगीत रसायन मिसळतात त्याला आपण कूलंट म्हणतो. इंजिनाचे तापमान नव्वद अंशांच्या आसपास असते. म्हणजे पाणी उकळायला दहाच अंश उरले. म्हणून रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे केलेले असते. स्प्रिंगच्या जोरावर ते आत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, आणि मग साधे पाणीसुद्धा एकशेवीसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. भोक बारीक असले, तरी त्यातून पाण्याबरोबर हा दाबही जातो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना एसी लावून, पोराबाळांसह, भर दुपारी निघालेल्या गाडीला त्या वीस अंशांचाच आधार असतो.

बारीक गळती सापडत नाही, कारण ती पुरावा ठेवत नाही. थेंब तापलेल्या लोखंडावर पडतो आणि वाफ होऊन जातो. गाडी थांबवून खाली वाकून पाहावे, तर जमीन कोरडी. काही गळत्या याच्या उलट, फक्त थंडीत होतात. धुळ्याचा पारा डिसेंबरात कधी कधी दहाच्या खाली जातो, तेव्हा रबरी पाइप आणि क्लिप आकसतात, पहाटे दोन थेंब पडतात, आणि इंजिन तापले की फट आपोआप बंद होते.

म्हणून तपासाची सुरुवात मोजण्याने करावी. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना, सपाट जागेवर, पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि आठवडाभर पाहा. रोज तांब्याभर पाणी ओतून मोकळे होणारा माणूस स्वतःच पुरावा पुसतो, आणि वर कूलंटही पातळ करून टाकतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असेल, तर त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, ते वेगळेच.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. स्वच्छ, बिनवासाचे पाणी पडले असेल तर ते बहुधा एसीचे, ते विसरा. रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असेल तर कूलंट. चव मात्र घेऊ नका. ते विष आहे, आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून सांडलेले धुऊन टाका.

मग उजेडात इंजिन न्याहाळा. माठाच्या अंगावर जसा पांढरा क्षार फुलतो, तसा पांढरा, हिरवा किंवा गुलाबी थर कुठे दिसतो का? पाइपांची टोके, रेडिएटरचे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम जिथे जुळते तो सांधा, आणि पाण्याचा पंप. या पंपाला खाली एक छोटे भोक असते. ते बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेले असते : आतले सील झिजले की पाणी तिथून पाझरते आणि वेळीच सूचना मिळते. कुणी ते भोक बुजवायला निघाले, तर त्याचा हात धरा.

एक जागा आपल्याकडे कुणाच्या ध्यानातच येत नाही, ती म्हणजे हीटर. खान्देशात तो वर्षातून चार दिवस तरी लागतो का? पण डॅशबोर्डच्या आत त्याचा छोटा रेडिएटर असतोच, आणि बहुतेक गाड्यांत त्यातून पाणी बाराही महिने फिरते. पायाखालचे मॅट ओले, काचेवर आतून चिकट धुके आणि गोडसर वास आला, तर चोर घरातच आहे.

इतके करूनही सापडले नाही, तर मिस्त्रीला प्रेशर टेस्ट करायला सांगा. झाकणाच्या जागी सायकलच्या पंपासारखा काटा असलेला हातपंप बसवतात आणि झाकणावर लिहिला असेल तितकाच दाब भरतात. इंजिन गार, पंखा बंद. हाताला चटका बसायची भीती नाही. पंधरा-वीस मिनिटांत काटा उतरला तर गळती आहे, आणि आता ती ओली दिसेल. याच पंपाने झाकणही तपासून घ्यावे. सगळ्यांत स्वस्त भाग तोच, आणि लोक पाहतात सगळ्यांत शेवटी.

काटा उतरतो पण बाहेर सगळे कोरडे, असे झाले तर संशय हेड गॅस्केटवर जातो. भर मे महिन्यातही एक्झॉस्टमधून पांढरा धूर येत राहणे, इंजिन चालू असताना पाण्याच्या टाकीत बुडबुडे, ऑइल दुधाळ होणे, या त्याच्या खुणा. खात्रीसाठी रेडिएटरमधली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. जळालेला वायू त्यात मिसळला असेल, तर निळा रंग पिवळा होतो. ही परीक्षा झाल्याशिवाय इंजिन खोलायला कुणी म्हणाले, तर नाही म्हणा.

आता आपल्या हळदीविषयी. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायचा उपाय सगळ्या हायवेवर चालतो. ती फुगून भोकात बसते आणि गळती थांबते, हे खरे. पण कुठल्या भोकात बसायचे आणि कुठल्या नाही, हे हळदीला कळत नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या निरोगी नळ्याही ती बुजवते. पारोळ्याहून धुळे गाठण्यापुरती टाकलीच, तर पोहोचताच सगळे पाणी काढून धुऊन घ्या.

आणि काट्यावर फार विसंबू नका. पाणी फारच उतरले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. तशी शंका आली की गाडी बाजूला घेऊन बंद करा. बॉनेट गार पडेपर्यंत झाकणाला हात लावू नका. आतले पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते आणि कातडी सोलते. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, लोखंडाला तडा जातो.

दुरुस्ती झाली की कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरून घ्या, अडकलेली हवा काढायला लावा, आणि नवी रेघ मारून आठवडाभर रोज सकाळी पाहा. पाणी रेघेवरच राहिले, तर चिकटपट्टी काढून टाका.