इमारतीचे नियम आणि ते तपासणारी माणसे

इमारतीच्या बांधकामाला दोन जातींचे नियम लागू होतात. पहिले जागेचे: भूखंडावर किती बांधायचे, शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचे, जिना किती रुंद ठेवायचा, समोरचा रस्ता केवढा असेल तर किती उंची चढवायची. दुसरे ताकदीचे: काँक्रीट कोणत्या प्रतीचे, कॉलम केवढा, सळई किती आणि कशी वाकवलेली. जागेचे नियम राज्याचा नगरविकास विभाग ठरवतो, ताकदीचे मुख्यतः भारतीय मानक ब्यूरो. दोन्ही बदलत राहतात, पण वेगवेगळ्या तारखांना आणि वेगवेगळ्या कागदांवर. त्यांची गाठ पडते ती थेट बांधकामावर, फिटर सळया बांधत असतो तेव्हा.

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातले घोटी हे ही गाठ पाहण्यासारखे ठिकाण आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरची, रेल्वे स्थानक असलेली, भाताच्या गिरण्यांसाठी ओळखली जाणारी ही बाजारपेठ. २०११ च्या जनगणनेने घोटी बुद्रुक नगरांमध्ये मोजले, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा होता. म्हणजे बांधकाम शहराच्या चालीने वाढते आणि परवानगीची यंत्रणा गावाच्या मापाची. महामार्गांच्या कडेने महाराष्ट्रात अशी गावे पुष्कळ आहेत, आणि नियम बदलला की तो सगळ्यात उशिरा पोहोचतो तो याच गावांत.

जागेच्या नियमांतला अलीकडचा मोठा बदल डिसेंबर २०२० चा. त्याआधी महापालिकांच्या नियमावल्या निरनिराळ्या, नगरपरिषदांची वेगळी, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्राची आणखी वेगळी. २०१३ मध्ये नगरपरिषदा आणि प्रादेशिक योजना यांच्यासाठी प्रमाणित नियमावल्या करून थोडी एकवाक्यता आणली गेली. मग ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ आली. कचेऱ्यांत तिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे ‘नैना’ क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा असे काही अपवाद वगळले तर ती राज्यभर लागू आहे. प्रादेशिक योजनेखालची खेडीही तिच्यात आली. तेव्हापासून तिच्यात अधिसूचनांनी दुरुस्त्या होत आल्या आहेत आणि शासनाची स्पष्टीकरणेही निघत असतात. नियमावलीची एकदा विकत घेतलेली प्रत कपाटात ठेवून काम करणारा अभियंता त्यामुळे लवकरच चुकीचे आकडे सांगू लागतो.

बदल किती खोल होता हे चटई क्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मापाच्या, हिशेबावरून कळते. जुन्या पद्धतीत बाल्कनी, जिना, लॉबी असे भाग चटई क्षेत्रातून वगळले जात, काहींसाठी अधिमूल्य भरावे लागे. नकाशा तपासणाऱ्याचे निम्मे कसब कोणता भाग मोजायचा आणि कोणता सोडायचा यातच खर्ची पडत असे. वाद आणि ‘समजुती’ यांनाही तिथेच जागा होती. नव्या पद्धतीत हे भाग मोजायचे आणि त्यांच्या बदल्यात निवासी वापरासाठी ६० टक्के, इतर वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटई क्षेत्र अधिमूल्यावर द्यायचे, असे ठरले. ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला १.१० या मूळ निर्देशांकाने ३३० चौरस मीटर मिळतात. त्यावर ६० टक्के म्हणजे १९८, एकूण ५२८. मात्र सामासिक अंतरे, उंची आणि रस्त्याची रुंदी यांत ते बसायला हवे. गणित सोपे झाले, पण वीस वर्षे जुन्या हिशेबावर हात बसलेल्या माणसाला सोपे गणितही नव्याने शिकावे लागते.

खेड्यांच्या बाबतीत याहून महत्त्वाचे काही घडले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याला आता पूर्वीसारखी परवानगी घ्यावी लागत नाही. परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने प्रमाणित केलेला आराखडा, मालकीची कागदपत्रे आणि शुल्क एवढ्यावर काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निकाल लावायचा. ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये हेच ग्रामपंचायतींसाठी सोळाशे आणि बत्तीसशे चौरस फुटांच्या भाषेत सांगितले. लोकांना हे आवडले, आणि आवडण्यासारखेच होते: लहान घरासाठी नगररचना कार्यालयाचे हेलपाटे कोणालाच नको असतात. पण त्या हेलपाट्यांबरोबर एक तपासणीही गेली. आता नकाशा बरोबर आहे की नाही हे सरकारी नोकर ठरवत नाही, त्यावर सही करणारा खासगी अभियंता किंवा पर्यवेक्षक ठरवतो. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपरवापर्यंतचे ग्रामसेवक, कागद पूर्ण आहेत का एवढेच बघू शकतात. ते अभियंता असावेत अशी अपेक्षाच नाही. प्रशिक्षणाचा विचार मात्र अजून सरकारी खुर्चीभोवतीच फिरतो.

सही करणाऱ्यांची पात्रता हा आपल्याकडचा कच्चा दुवा आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि राष्ट्रीय परिषद आहे. नोंदणीशिवाय ती पदवी लावता येत नाही. स्थापत्य अभियंत्यांसाठी देशपातळीवर तशी सक्तीची नोंदणी नाही. त्यांना परवाना स्थानिक प्राधिकरण देते, शिक्षण आणि अनुभव पाहून. परवान्याला मुदत असते, नूतनीकरणाला शुल्क असते. मधल्या काळात बदललेले मानक अर्जदाराने वाचले आहे का, हा प्रश्न त्या अर्जात कोणी विचारत नाही.

आणि मानके बदलली आहेत, तीही रोजच्या कामाला भिडतील अशी. काँक्रीटचे मानक आयएस ४५६ घ्या. १९७८ च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटला एम १५ ही प्रत चालत होती. सिमेंट, वाळू, खडी यांचे ‘एकास दोन चार’ हे प्रमाण गवंड्यांच्या तोंडी बसले ते याच प्रतीमुळे. २००० च्या आवृत्तीने किमान प्रत एम २० केली, तीही सौम्य हवामानासाठी. जोराच्या पावसाला उघडे पडणारे किंवा आलटून पालटून भिजणारे-सुकणारे काँक्रीट त्या मानकात ‘तीव्र’ वर्गात मोडते. त्याला एम ३० प्रत, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागते. इगतपुरी-घोटीचा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यालगतचा, इगतपुरीचा वार्षिक पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. इथल्या घराची उघडी गॅलरी, छज्जा, गच्चीवरची टाकी ‘तीव्र’ वर्गात धरायची की नाही, हा त्यामुळे पुस्तकी प्रश्न उरत नाही. शिवाय घमेल्याने मोजून केलेले ठरावीक प्रमाणाचे मिश्रण या मानकाला फक्त एम २० पर्यंत मंजूर आहे. त्यावरच्या प्रतीचे मिश्रण चाचण्या करून ठरवावे लागते. नाशिक शहरात तयार काँक्रीटची गाडी मागवता येते. आतल्या वाडीत ते मिश्रण कोण आणि कुठे ठरवणार, याचे उत्तर मानक देत नाही.

भूकंपाच्या मानकाने आणखी एक सवय मोडायला घेतली. महाराष्ट्रभर घरांचे कॉलम २३० मिलिमीटर जाडीचे करायची पद्धत आहे, कारण ते नऊ इंची भिंतीत लपतात आणि खोलीत कोपरा पुढे येत नाही. आयएस १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीत कमी लांबीच्या तुळयांसाठी २०० मिलिमीटरपर्यंतचा कॉलम बसत होता. २०१६ च्या आवृत्तीने किमान बाजू ३०० मिलिमीटर केली. नाशिक जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरला जात आला आहे, आणि २०१६ चे हे मानक तिसऱ्या क्षेत्रापासून वर लागू होते. त्याच मानकात कॉलमभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवायला सांगितली आहेत. काटकोनात वळवलेले टोक हादऱ्यात उघडते, रिंग सुटते, आणि उभ्या सळया बाहेर फुगून कॉलम चिरडतो. फिटरला काटकोनी आकडा लवकर करता येतो आणि पिंजऱ्यात बसवायलाही सोपा जातो. काँक्रीट पडल्यानंतर दोन्ही आकडे सारखेच अदृश्य. ते पाहायची वेळ एकच, साचा बंद होण्याआधीची, आणि त्या वेळी कोणीतरी तिथे उभे राहून टोके बघायला हवीत. बाजारपेठेत तर याची गरज अधिक: तळमजल्यावर रस्त्याकडे शटरचे गाळे, वर भिंतींनी भरलेली राहती घरे, म्हणजे तळमजला मोकळा आणि लवचीक, वरचे मजले ताठ. हादऱ्याचा बहुतेक ताण त्या तळमजल्याच्या कॉलमांवर येतो.

महाराष्ट्राला हे सारे एकदा फार महाग शिकावे लागले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती आणि वर मातीचे जड छप्पर, अशी घरे झोपलेल्यांवर कोसळली. तोवरच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. मात्र पुनर्वसनात झालेले दुसरे काम नकाशापेक्षा मोलाचे म्हणावे लागेल. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या कार्यक्रमात नवी गावे वसवण्याबरोबर हजारो जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, आणि त्यासाठी कनिष्ठ अभियंत्यांना व गावच्या गवंड्यांना शिकवावे लागले. २००१ च्या भुज भूकंपानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने अभियंत्यांच्या प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आपत्तीनंतर प्रशिक्षण येते आणि आठवण पुसट झाली की त्याचा जोरही ओसरतो, हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

प्रशिक्षणाच्या संस्था नाहीत असे नाही. घोटीहून तासाभराच्या अंतरावर, नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर, १९५९ पासूनची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे आणि तिच्या शेजारी राज्य सेवेतील अभियंत्यांची प्रशिक्षण प्रबोधिनी, ‘मेटा’. पुण्याला यशदा आहे, ग्रामविकासाचे प्रशिक्षणही तिथून चालते. नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९२६ पासूनची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. अडचण अशी की या संस्था सेवेतल्या माणसासाठी आहेत, आणि लहान घरांची सही सेवेबाहेर गेली आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेचेही तसेच. १९७०, १९८३, २००५ आणि २०१६ अशा तिच्या आवृत्त्या निघाल्या, पण ती शिफारस आहे. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने नियमावलीत घेतली तरच बंधन. अमेरिकेतही आदर्श संहिता खासगी परिषदच लिहिते आणि राज्ये ती स्वीकारतात. फरक पुढे आहे. तिथली संहिता दर तीन वर्षांनी नव्याने निघते, आणि तपासनिसाने मिळवलेले प्रमाणपत्र टिकवायचे तर ठरावीक काळात ठरावीक तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. जपानने १९८१ मध्ये भूकंपाचे नियम कडक केले; १९९५ च्या कोबे भूकंपात त्यानंतरच्या इमारती जुन्यांपेक्षा स्पष्टपणे तगल्या. तरीही २००५ मध्ये संरचनेची खोटी गणिते पुढे केल्याचे प्रकरण तिथे उघडकीस आले. त्यानंतर कायदा बदलून वास्तुरचनाकारांना दर तीन वर्षांनी प्रशिक्षण सक्तीचे झाले. कडक नियम खोट्या सहीपुढे कागदावरच राहतो, हे जपानसारख्या शिस्तीच्या देशालाही अनुभवावे लागले.

आपल्याकडे सर्वांत खालच्या पायरीवर एक उपक्रम नीट चालतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, तेही प्रत्यक्ष घरकुल बांधता बांधता, आणि शेवटी मूल्यमापन करून प्रमाणपत्र. किमान २५ चौरस मीटरच्या त्या घरात पाया, भिंत, पट्टा, स्लॅब असे सगळे टप्पे येतात. परवानाधारक पर्यवेक्षकासाठी असा अभ्यासक्रम आखणे अवघड नाही, आणि घोटीच्या परिसरात त्याचा हंगामही आयता आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो-धो पावसात इथली बहुतेक बांधकामे थांबलेली असतात. स्लॅबची घाई एप्रिल-मेमध्ये असते आणि नवे पाये दिवाळीनंतर खणले जातात. परवान्याचे नूतनीकरण पावसाळ्यातल्या आठवडाभराच्या वर्गाला जोडले, तर बदललेली मानके आणि युडीसीपीआरच्या वर्षभरातल्या दुरुस्त्या नव्या हंगामाचा पहिला पिंजरा बांधला जाण्याआधी सही करणाऱ्यापर्यंत पोहोचतील.