मूळ संख्येची मुदत २०३८ पर्यंत

२,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटींहून अधिक असलेली ही संख्या गणितज्ञांना अडीचशे वर्षांपासून परिचित आहे. संगणकतज्ज्ञांना मात्र तिची धास्ती वाटते.

दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव दिले गेले असून त्यांत हिचा क्रमांक आठवा आहे. तिचा विभाजक शोधण्यासाठी ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे पुरेसे असते. त्यांतही २४८ ने भागल्यास १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्याच विचारात घ्याव्या लागतात, हे दाखवून लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये ती मूळ असल्याचे सिद्ध केले. दोनच्या तिसाव्या घाताने तिला गुणल्यास ‘परिपूर्ण संख्या’ मिळते. म्हणजेच त्या गुणाकाराच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज त्याच्याइतकीच भरते.

संगणकाने ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी राखल्यास साठवता येणारी हीच सर्वांत मोठी संख्या होय. अनेक जुन्या प्रणाली ग्रिनिच वेळेनुसार १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद एवढ्याच जागेत मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला मोजणी ऋण होऊन अशा यंत्रांतील दिनदर्शिका थेट १९०१ सालात जाऊ शकते. ६४ बिटांची मोजणी हा त्यावरील उपाय आहे. जुन्या यंत्रांपर्यंत तो वेळेत पोहोचणे, हाच कळीचा मुद्दा आहे.